तज्ज्ञ शहरात आणि मूल गावात असेल तेव्हा

खेड्यातल्या आईवडिलांनी मुलाच्या वाढीबद्दल शंका काढली की त्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: शहरात नेऊन दाखवा. उत्तर चुकीचं नाही. मूल एकदा तज्ज्ञांनी नीट तपासायलाच हवं. पण दाखवून आल्यावर पुढे काय करायचं, ते कोणी सांगत नाही. हातात एक कागद येतो. त्यावर निदान लिहिलेलं असतं आणि खाली ‘आठवड्यातून तीनदा थेरपी’ अशी सूचना असते. थेरपीचं केंद्र शंभर किलोमीटरवर असेल तर तीन फेऱ्यांतच आठवडा संपतो, रोजगारही बुडतो. काही महिन्यांत फेऱ्या थांबतात आणि ‘पालकांनी पाठपुरावा केला नाही’ असा शेरा कागदावर चढतो. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. गावात राहून रोज कमावणाऱ्या कुटुंबाला झेपेल अशी सेवा त्यांना कोणी देऊच केलेली नसते.

विकासात्मक दिव्यांगता म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. मेंदूची घडण चालू असताना, म्हणजे गर्भात, जन्माच्या वेळी किंवा लहानपणी, त्या घडणीत काही अडथळा किंवा वेगळेपण आलं आणि त्यामुळे चालणं, बोलणं, शिकणं, लोकांत मिसळणं यांत दीर्घकाळ अडचण राहिली, तर तिला हे नाव देतात. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम (संवाद साधणं आणि लोकांत मिसळणं अवघड जाणं), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड जाणं), बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम (जास्तीच्या गुणसूत्रामुळे जन्मतः असणारी स्थिती) हे सगळं यात येतं. कारणं अनेक आहेत: जनुकांतला बदल, मुदतीच्या फार आधी झालेला जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, बाळाची वेळेत उपचार न झालेली तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणातली आयोडिनची कमतरता. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

2016 साली जगात पाच वर्षांखालची सुमारे 5 कोटी 29 लाख मुलं विकासात्मक दिव्यांगतेसह जगत होती आणि त्यांतली जवळपास 95 टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती, असा अंदाज 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. 1990 सालचा आकडा होता 5 कोटी 30 लाख. म्हणजे पाव शतकात तो हललाच नाही. याच काळात जगातले पाच वर्षांखालचे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. लसीकरण, सुरक्षित बाळंतपण, जुलाबावरचे उपचार यांनी मुलं वाचवली. वाचलेलं मूल पुढे बसतं का, बोलतं का, शिकतं का, हे पाहणारी तशीच यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. आणि जिथे दवाखानाच लांब, तिथे ही उणीव सगळ्यात जास्त जाणवते.

84 तासांचा हिशोब

लहान मूल दिवसाला साधारण बारा तास जागं असतं. आठवड्याचे झाले 84 तास. थेरपिस्टकडे पाऊण तासाची दोन सत्रं झाली तर दीड तास होतो. उरलेले साडेब्याऐंशी तास मूल घरी असतं, आईवडील, आजीआजोबा आणि भावंडांबरोबर. मेंदू शिकतो तो पुन्हा पुन्हा होणाऱ्या अनुभवातून. मग दीड तासासाठी सगळा खटाटोप करायचा आणि साडेब्याऐंशी तास मोकळे सोडायचे, यात काही अर्थ उरत नाही. शहरातल्या मुलालाही हाच हिशोब लागू आहे. गावात तो टाळता येत नाही, इतकंच.

थेरपीत नेमकं काय होतं हे पाहिलं की पुढची वाट दिसते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत बराचसा भाग असा असतो: मूल ज्या वस्तूकडे बघतंय तिच्याबद्दलच बोलायचं, छोटी वाक्यं वापरायची, मग थांबायचं आणि मुलाने केलेल्या बारीकशा खुणेलाही उत्तर द्यायचं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मान आणि पाठ आधाराने सरळ ठेवून बसवायचं, भरवताना ते ठसकणार नाही असं पाहायचं, उचलताना अंग ताठ होणार नाही अशा पद्धतीने उचलायचं, खेळणं हात पुढे करावाच लागेल अशा जागी ठेवायचं. उशिरा शिकणाऱ्या मुलाला सदरा घालायला शिकवायचं तर सगळं आपण करून शेवटची बाही तेवढी त्याच्यावर सोडायची, ती जमली की त्याच्या आधीची पायरी. यांतल्या बहुतेक गोष्टी अंघोळ, जेवण, कपडे, खेळ यांच्या ओघात होऊ शकतात. त्या कोणीतरी शिकवायला मात्र हव्यात, करून दाखवायला हव्यात आणि चुकलं तर दुरुस्तही करायला हव्यात.

ही कल्पना नवी नाही. 1969 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाच्या छोट्या गावातून एक प्रकल्प सुरू झाला. आसपासचा भाग ग्रामीण, वस्ती विखुरलेली. लहान दिव्यांग मुलांना रोज एका केंद्रात आणणं शक्यच नव्हतं. मग शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागल्या. पुढच्या आठवड्यात जमेल इतकं लहान उद्दिष्ट ठरवायचं, ते कसं शिकवायचं हे आईवडिलांना करून दाखवायचं, घरच्यांनी रोज सराव घ्यायचा आणि पुढच्या भेटीत कितपत जमलं ते पाहायचं. अडचणीतून निघालेली ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली, शहरांनीसुद्धा.

स्वमग्नतेबद्दलचा पुरावा अलीकडचा आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांचा एक अभ्यास झाला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये वाचा-उपचारतज्ज्ञ वापरत असलेली पद्धत त्यात स्थानिक परिस्थितीला जुळवून घेतली आणि ती देण्याचं काम तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांवर सोपवलं. सहा महिन्यांत बारा सत्रं झाली. आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना चित्रफीत काढायची, मग दोघांनी ती एकत्र बघायची आणि कुठल्या क्षणी मुलाने प्रतिसाद दिला ते शोधायचं. पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. प्रत्येक मोजमापात सुधारणा दिसली असं मात्र नाही, आणि सहा महिन्यांच्या कामात तशी अपेक्षाही धरू नये. तज्ज्ञ नसलेला माणूस हे काम नीट करू शकतो, हे त्यातून दिसलं आणि गावासाठी तेच मोलाचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनेही 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी असा कार्यक्रम तयार केला आहे. त्यात नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी असतात. पक्कं निदान झालेलं नसलं तरी चालतं. मूल बोलण्यात आणि विकासात मागे आहे, एवढं प्रवेशासाठी पुरतं. निदानाच्या रांगेत वर्षभर थांबलेल्या कुटुंबाला तेवढ्या काळात काहीतरी सुरू करता येतं.

या सगळ्या उदाहरणांत एक धागा आहे आणि तो सुटला की सगळं ढासळतं. कार्यकर्त्यांना आठवडाभराचं प्रशिक्षण देऊन वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्यांच्या कामावर नियमित देखरेख होती, अडलं तर विचारायला माणूस होता, आणि देखरेख करणाऱ्याच्या मागे तज्ज्ञ उभा होता. अनेक योजना प्रशिक्षणाचा पहिला आठवडा दिमाखात पार पाडतात आणि नंतरच्या देखरेखीसाठी पैसेच ठेवत नाहीत. मग सहा महिन्यांनी ‘कार्यकर्त्यांना जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

आधी लक्षात कोणाच्या यायचं?

उपचार लवकर सुरू व्हायचे तर शंकाही लवकर यायला हवी आणि ती गावातच यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या निरीक्षणातून टप्पे ठरवले. जवळजवळ सगळी मुलं 9.2 महिन्यांपर्यंत आधाराविना बसतात आणि 17.6 महिन्यांपर्यंत एकटी चालतात. म्हणून दहाव्या महिन्यात न बसणारं आणि दीड वर्षाचं होऊनही न चालणारं मूल तपासायला हवं. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, नाव घेतल्यावर बघत नसेल, बोटाने दाखवत नसेल, तरी तपासायला हवं. आणि आधी येत असलेली गोष्ट, शब्द असो की हालचाल, कुठल्याही वयात नाहीशी झाली तर एक दिवसही थांबू नये.

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही उशिरा बोलले होते’ ही वाक्यं प्रेमापोटी बोलली जातात, पण त्यात मुलाची मोलाची वर्षं जातात. तपासल्यावर काही निघालं नाही तर उत्तमच. न बोलणाऱ्या मुलाची आधी श्रवणचाचणी व्हावी, हा साधा नियम फार वेळा पाळला जात नाही. ऐकूच येत नसेल तर बोलण्याचा सराव घेऊन काय होणार? नवजात बाळांसाठी जगभर 1-3-6 चा हिशोब धरतात: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. जन्मजात थायरॉइडची कमतरता तर टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून कळते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं की बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण वाढते, उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.

लसीकरणाच्या दिवशी बाळ आरोग्य कार्यकर्तीच्या समोर असतंच. त्याच वेळी चार प्रश्न विचारून उत्तरं नोंदवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. स्वमग्नतेसाठी 16 ते 30 महिन्यांच्या मुलांकरता वीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिचं नाव एम-चॅट. उत्तरं ‘हो’ किंवा ‘नाही’. पण प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. शंकास्पद उत्तरांवर पुन्हा सविस्तर विचारणा करावी लागते आणि ती फोनवरूनही होते. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पुढची सेवा तयार नसताना घरोघरी जाऊन मुलं हुडकायची आणि यादी कपाटात ठेवायची, हे कुटुंबांवर क्रूरपणाचं ठरतं. त्यांच्या पदरात फक्त काळजी पडते.

तज्ज्ञाची जागा

गावात कौशल्य आलं म्हणजे तज्ज्ञ नको, असा याचा अर्थ नाही. तज्ज्ञाचं काम बदलतं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा या यकृततज्ज्ञांनी प्रोजेक्ट एको सुरू केला. हेपटायटिस सी या यकृताच्या संसर्गाचे रुग्ण राज्यभर विखुरलेले होते आणि अरोरांच्या दवाखान्यात येण्यासाठी महिनोन्महिने थांबत होते. त्यांनी लांबच्या गावांतल्या साध्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बोलावलं. डॉक्टर आपला रुग्ण मांडणार, तज्ज्ञ सल्ला देणार, बाकीचे ऐकून शिकणार. 2011 मध्ये निकाल छापून आले: गावातल्या डॉक्टरांकडे बरे होणाऱ्यांचं प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्याइतकंच होतं. मिसूरी विद्यापीठाने 2015 पासून हीच रीत स्वमग्नतेसाठी वापरली. एक तज्ज्ञ दिवसात मोजकीच मुलं तपासू शकतो. तेवढ्याच वेळात वीस डॉक्टरांना शिकवलं तर त्या शिकवण्याचा उपयोग पुढे कित्येक वर्षं होत राहतो.

व्हिडिओचा आणखी एक सुंदर उपयोग आहे. तीन ते पाच महिन्यांचं बाळ जागं, शांत आणि पाठीवर पडलेलं असताना त्याच्या आपोआप होणाऱ्या हालचाली बघून सेरेब्रल पाल्सीचा धोका बऱ्याच खात्रीने सांगता येतो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचं वय त्यासाठी अपेक्षित तारखेपासून मोजतात. चित्रफीत काही मिनिटांचीच लागते आणि ती घरी फोनवर काढता येते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात त्यासाठी ‘बेबी मूव्ह्ज’ नावाचं अॅप वापरलं गेलं. फोनला रेंज नसेल तर चित्रफीत साठवून नंतर पाठवता येते, बाळाला कुठे न्यावं लागत नाही.

पडद्यावरून सगळं होतं असं मात्र कोणी म्हणू नये. स्नायूंचा ताठरपणा हाताने चाचपावा लागतो. गिळण्यातला धोका, श्रवण, नजर, खुब्याचा सांधा हे प्रत्यक्ष तपासावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञांनी ठरलेल्या दिवशी जवळच्या गावी यावं किंवा कुटुंबाला शहरात एकदा जावं लागेल, पण त्या एका दिवसात सगळ्या तपासण्या व्हाव्यात. कान सोमवारी आणि मेंदू गुरुवारी, असं वेळापत्रक दीडशे किलोमीटरवरून येणाऱ्या माणसासाठी बनवलेलं नसतं.

शिबिरानंतर

गावात शिबिर भरतं, चाकाच्या खुर्च्या वाटल्या जातात, फोटो निघतात. वाढत्या मुलाला ती खुर्ची वर्षभरात अपुरी होते. मापात न बसणाऱ्या खुर्चीने पाठ वाकते, त्वचेला जखमा होतात. दगडधोंड्यांच्या वाटेवर चाक मोडलं तर दुरुस्त करणारं कोणी नसतं. त्यामुळे खुर्ची देताना माप घेणारा, बसवून बघणारा आणि दुरुस्त करणारा माणूसही द्यायला हवा.

औषधांचंही तेच. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना फिट्सही येतात. फिट्सचं औषध अचानक थांबलं तर न थांबणारी फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. ही औषधं बरीच जुनी आणि स्वस्त आहेत, तरी ती फक्त शहरातल्या रुग्णालयात मिळत असतील तर पावसात वाट बंद झाल्याबरोबर उपचार बंद पडतात. गावाजवळच्या केंद्रात दोन-तीन महिन्यांचा साठा असणं, ही मला कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा आधीची गरज वाटते.

पाठपुराव्याने काय साधतं याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण स्वीडनचं आहे. सेरेब्रल पाल्सीत सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो. चालता न येणाऱ्या मुलांत हा धोका सगळ्यात जास्त. सांधा पूर्ण निखळला की बसणं, झोपणं, स्वच्छता करणं सगळंच वेदनेचं होतं. दक्षिण स्वीडनमध्ये 1994 मध्ये अशा सर्व मुलांची नोंदवही सुरू केली. प्रत्येक मुलाची ठरावीक काळाने तपासणी, एक्स-रे, आणि सांधा सरकू लागला की वेळेवर उपचार. सांधा निखळणं तिथे जवळपास संपलं. कुठलं अद्भुत औषध सापडलं नव्हतं. कोणाचा एक्स-रे कधी आहे हे कोणीतरी लक्षात ठेवत होतं. एक्स-रे लहान शहरातही निघतो. लागते ती यादी, आणि ती रोज उघडणारा माणूस.

तो माणूस कुटुंबाला नावाने आणि फोन नंबरने माहीत असावा. दाखला, शाळा, औषध, पुढची तारीख, सगळ्यासाठी तोच. अशा मुलाला वाढवलेल्या आईला किंवा वडिलांना या कामासाठी पगारावर घेतलं तर ते फार छान करतात, कारण कुठल्या खिडकीवर अडतं हे त्यांना पाठ असतं.

पैसा कशाचा मोजला जातो

सेवा फुकट असली तरी प्रवासभाडं आणि बुडालेला रोज कुटुंबाच्याच खिशातून जातो. दुसरी अडचण सेवा देणाऱ्याची. पैसे ‘दर सत्रामागे’ मिळत असतील तर दोन तास प्रवास करून एका घरी जाणाऱ्या थेरपिस्टचा तोटाच होतो. त्या दोन तासांत ती केंद्रात बसून चार मुलं बघू शकली असती. प्रवासाचा वेळ, फोनवरचं मार्गदर्शन, पालकांना शिकवणं यांचा मोबदला ठरत नाही तोवर गृहभेटी थोड्या भल्या माणसांच्या तळमळीवरच चालतील.

अमेरिकेने 1981 मध्ये कायदा बदलून निवासी संस्थांवर खर्च होणारा सरकारी आरोग्य निधी घरच्या सेवेवर वापरायला राज्यांना परवानगी दिली. मोठंच पाऊल होतं. तरी आज तिथे लाखो लोक प्रतीक्षा यादीत आहेत, आणि गावात मंजुरी मिळूनही काम करायला माणूस मिळत नाही असं घडतं. मंजूर झालेला निधी आणि दारात आलेली मदत यांच्यामध्ये मनुष्यबळ असतं. गावातल्याच तरुणांना शिकवून, बरा पगार देऊन टिकवणं हाच मार्ग टिकाऊ दिसतो.

हे सगळं उपकार म्हणून मागायचं नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क करारातल्या 25व्या आणि 26व्या कलमांत आरोग्य आणि पुनर्वसनाच्या सेवा लोकांच्या वस्तीजवळ, ‘ग्रामीण भागांसह’, मिळाव्यात असं स्पष्ट लिहिलं आहे.

आईच्या खांद्यावर किती?

पालकांना शिकवण्याच्या पद्धतीत एक धोका आहे आणि तो मी मुद्दाम मांडते. ‘पालकच थेरपिस्ट’ म्हणता म्हणता सगळा भार एकट्या आईवर पडतो. स्वयंपाक, शेत, बाकीची मुलं, आणि वर रोज तासभर व्यायाम. नाही झाला तर अपराधीपण. म्हणून कार्यकर्तीने भेटीत पहिला प्रश्न ‘तुम्ही झोपता का नीट?’ असा विचारावा. रोजच्या कामात मिसळता येतील अशा एक-दोनच गोष्टी द्याव्यात. वडिलांना आणि आजीलाही समोर बसवावं. आणि महिन्यातून काही तास तरी मुलाला विश्वासाने सोपवता येईल असं कोणी असावं. थकलेल्या आईला झोप मिळणं हाही सेवेचाच भाग आहे.

मुलं मोठी होतात, हे तर योजना लिहिणारे विसरूनच जातात. अठरा पूर्ण झाले की बालरोगतज्ज्ञ, शाळा, थेरपी एकदम संपतं आणि पंचवीस वर्षांचा तरुण घरात बसून राहतो. गावात तेव्हा लागतं ते काम, त्यात हात धरून शिकवणारा सोबती, मोठ्यांच्या दवाखान्यात त्याच्याशी थेट बोलणारा डॉक्टर, आणि आईवडील सत्तरीला पोचल्यावर तो कुठे, कोणाबरोबर राहील याचं लिहून ठेवलेलं नियोजन. हे बोलणं मूल चौदा-पंधरा वर्षांचं असतानाच सुरू व्हावं, आणि त्या बैठकीत त्यालाही बसवावं. शब्द नसतील तर चित्रं दाखवून विचारावं, त्याला काय हवंय ते.